चुटपुट लागेल असं

“माझं म्हणून घरात काही ठेवायचं नाही. सगळं देऊन टाकायचं. आणि देताना थोडी चुटपुट लागली पाहिजे बरं का. नाही लागली, तर ते देणं नव्हे, नुसती आवराआवर.”

चष्मेवाले हे बोलले तेव्हा त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला होता आणि रुग्णालयाच्या चादरीच्या टोकानं ते काचा पुसत बसले होते. अवघड काही बोलायचं असलं की ते चष्मा काढत. समोरच्याचा चेहरा दिसेनासा झाला की माणूस खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून खपलेल्या माणसानं स्वतः खरं बोलायला धुकं शोधावं, ह्याचं त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, त्याही घडीला हसू आलं होतं. हसू आवरत त्या “बरं” म्हणाल्या. एवढंच. पण वहिनींचं “बरं” म्हणजे दगडावरची रेघ, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं आणि चष्मेवाल्यांना तर गल्लीपेक्षा आधीपासून.

चष्मेवाले गेले, तेव्हापासून वहिनींचा नेम सुरू झाला. सकाळी अंघोळ, देवापुढे हात जोडणं, मग घरातली एक वस्तू कुणाच्या तरी हातात, आणि मग चहा. वस्तू गेल्याशिवाय चहा नाही. पहिल्या दिवसांत हे सोपंही होतं आणि अवघडही. त्यांचा कोट दिला तेव्हा त्याच्या खिशात काचा पुसायचं मऊ कापड निघालं, ते त्यांनी तिथल्या तिथे दुसऱ्या दिवसासाठी बाजूला काढलं. डाव्या टाचेला जास्त झिजलेले जोडे गेले. रेडिओ गेला. दुकान गेलं, काचा घासायची यंत्रं गेली आणि त्यांच्या विक्रीच्या पैशातून एक निधी उभा राहिला. जुन्या गिऱ्हाइकांनी त्यात आपापली भर घातली आणि त्यातून कर्करोगावर, म्हणजे माणसागणिक वेगळं औषध कसं शोधावं ह्यावर, एका प्रयोगशाळेत काम सुरू झालं. चष्मेवाल्यांच्या वस्तू संपल्या तेव्हा नेम मोडायचा प्रश्नच नव्हता. वहिनी घरातलं इतर काही काढू लागल्या. जादा भांडी, जादा उशा, मग जादा नसलेली भांडी आणि उशा. त्यांच्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, हल्ली येताना पिशवीत स्वतःचा कप घेऊन येत. “नाहीतर ओंजळीत चहा प्यायची पाळी यायची,” असं त्या दारातच म्हणत. मध्यंतरी वन्संची छत्री वहिनींनी भावाची समजून पोस्टमनला देऊन टाकली होती. वन्सं पोस्टमनकडून ती परत मागून आल्या, पण तेव्हापासून ह्या घरात शिरल्या की छत्री मांडीवर घेऊन बसत.

त्या सकाळी वहिनी चहाचं गाळणं हातात धरून उभ्या होत्या. गाळणं द्यायचं तर चहाच्या आधी द्यायचं, आणि ते दिलं की चहा गाळायचा कशानं? नेम पाळावा तर चहा जातो आणि चहा घ्यावा तर नेम. देवानं आज बरा पेच घातला, असं म्हणत त्या स्वतःशीच हसत होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

“काकू, मी बोलतेय. प्रयोगशाळेतून.”

आवाज त्यांनी लगेच ओळखला. ही ती थेंबवाली. निधीच्या वार्षिक सभेत ही मुलगी बोलायला उभी राहिली होती. रोग्याच्या गाठीचा कणभर तुकडा काचेच्या बशीत वाढवायचा, त्यावर एकेका औषधाचा थेंब टाकायचा आणि कोणत्या थेंबानं गाठ मान टाकते ते बघायचं, असं तिनं इतक्या मन लावून सांगितलं होतं की मागच्या रांगेत बसलेल्या वहिनींनी तिचं नाव कानावर पडायच्या आत तिला थेंबवाली करून टाकलं होतं.

“एक विचारायचं होतं. काकांच्या गाठीचा नमुना आहे ना आमच्याकडे, तो अजून चालू आहे.”

“चालू आहे म्हणजे गं?”

“म्हणजे वाढतोय. जिवंत आहे.”

वहिनींनी गाळणं हळूच ओट्यावर ठेवलं. “चहा झाला का तुझा?” असं त्यांनी विचारलं, कारण काही सुचलं नाही की त्या हेच विचारत. मुलगीही शहाणी, झाला म्हणाली आणि मग सावकाश सांगत गेली. काकांना होता तसला रोग बशीत सहसा जगत नाही. दुसऱ्या गावांच्या प्रयोगशाळांनी खूप धडपड केली, त्यांच्याकडे तग धरत नाही. काकांचाच एक तगला. आता त्या प्रयोगशाळा तो मागताहेत, म्हणजे त्या जातीच्या रोगावर सगळ्यांनाच औषधं तपासता येतील. काकांनी परवानगी दिली होती ती फक्त इथल्यापुरती. बाहेर पाठवायचा तर घरच्यांना विचारावं लागतं. “आणि काकू, बाहेर पाठवताना नावगाव सगळं पुसावं लागतं. इथलंसुद्धा. त्यानंतर कोणता कुणाचा हे आम्हालाही सांगता येणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर इथेच राहील, काकांच्या नावानं. तुम्ही कधीही येऊन बघा. आणि निधीचा ह्याच्याशी काही संबंध नाही हं, तसं मनात आणू नका.”

“नाही,” वहिनी म्हणाल्या.

मुलीला वाटलं, निधीचं तसं काही मनात नाही असं त्या म्हणताहेत. पण वहिनींना पक्कं कळलं होतं की आपण परवानगीला नाही म्हटलं. तो आवाज आपलाच होता, पण कुठल्या तळघरातून आला कोण जाणे. दारात आलेल्या कुणाला त्यांनी आजवर नाही म्हटलं नव्हतं. साबण विकणाऱ्याला नाही म्हणवेना म्हणून त्यांच्याकडे एके काळी न्हाणीघरभर साबण झाले होते आणि मग नेमानं ते वाटायला किती तरी सकाळी गेल्या होत्या. “उद्यापर्यंत सांगते, चालेल?” असं त्यांनी सावरून घेतलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

जिवंत आहे. केवढा शब्द, आणि सकाळच्या प्रहरी, गाळण्याच्या शेजारी. अंगातून गरम काही तरी वर चढत होतं आणि ते दुःख नव्हतं, हे वहिनींच्या ध्यानात आलं तेव्हा त्या चपापल्या. तो आनंद होता. लहानपणी लपवून ठेवलेली गोष्ट आपली आपल्यालाच सापडावी तसा, थोडा चोरटा आनंद. इतकी वर्षं आपण हे घर रिकामं करत आलो आणि त्यांचं एक काही तरी शहराच्या त्या टोकाला, ऊब असलेल्या पेटीत, आपल्या नकळत राहून गेलं. दिलं नाही कारण माहीतच नव्हतं. मग पुढची ठेच: पण ते ‘त्यांचं’ कसं? तो तर त्यांना खाणारा. चष्मेवाले स्वतः त्याला पोटभाडेकरू म्हणत. “पोटात पोटभाडेकरू आलाय,” ते गिऱ्हाइकांना सांगत, “भाडं देत नाही आणि रोज एक खोली वाढवून मागतो.” त्या पोटभाडेकरूनं अख्खं घर पाडलं, मालकाला बाहेर काढलं आणि आता स्वतः कुठे तरी गुबगुबीत होऊन बसलाय. त्याचा खाऊ कोण पुरवतं? निधी. निधी कुणाचा? आपलाच. म्हणजे वहिनीबाई, सापाला दूध पाजत होतात की हो तुम्ही, आणि तेही दुकान विकून. ह्या विचारानं खरं तर शहारा यायला हवा होता. त्याऐवजी वहिनींना ऐकू आलं ते चष्मेवाल्यांचं हसणं, नाकातून सुरू होऊन खांद्यांत संपणारं.

ते पहिल्यांदा दिसले तेव्हाही असेच हसले होते. वहिनी आत्याबरोबर दुकानात गेल्या होत्या, डोळे तपासायला. आपल्याला चष्मा लागू नये अशी फार इच्छा होती, म्हणून पुढचा माणूस तक्त्यावरची अक्षरं वाचत असताना त्यांनी शेवटची ओळ ऐकून पाठ केली आणि आपली पाळी येताच धडाधड म्हणून दाखवली. दुकानदारानं उठून तक्ता बदलला. “पाठ असणं वेगळं आणि दिसणं वेगळं,” एवढंच म्हणाला आणि ती जड चौकट नाकावर चढवून एकेक काच तिच्यात सरकवू लागला. “आता बरं दिसतं की आधी?” खट्ट. “आता बरं की आधी?” त्या म्हणाल्या, दोन्ही सारखंच. “दोन्ही सारखं कधीच नसतं. नीट बघा, घाई नाही.” लग्नानंतर जन्मभर हाच प्रश्न. भिंतीला रंग दिला, आता बरं की आधी? मिशी काढली, आता बरं की आधी? गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत, पण कुणाच्या कोणत्या डोळ्याला किती, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत, रस्त्यात गाठ पडली की “काय, उणे अडीच, बरे आहात ना?” अशी चौकशी. वहिनींना ते ‘पाऊण’ म्हणत, पहिल्या दिवशी निघालेल्या नंबरावरून. पुढे नंबर कितीही वाढला, त्या पाऊणच राहिल्या.

रुग्णालयात पहिलं औषध सुरू झालं आणि डॉक्टरांनी कसं वाटतं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “आधी बरं होतं.” दुसरं औषध झालं. “त्याच्याही आधी बरं होतं.” मग एकदा त्यांनी चष्मा काढला आणि काचा पुसत डॉक्टरांना म्हणाले, “एक विचारू? माझ्या दुकानात दहा माणसं आली आणि दहाही जणांना मी एकच चष्मा दिला, तर तुम्ही मला काय म्हणाल?” डॉक्टर भला माणूस, तोही हसला. “आमच्याकडे सध्या एवढेच चष्मे आहेत,” म्हणाला. “मग काचा घासायला घ्या की कुणी तरी,” चष्मेवाले म्हणाले. पुढे त्यांच्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत गेला तो ह्याच बोलण्यावरून, आणि निधीही ह्याच बोलण्यावरून. थट्टेतून उभं राहिलेलं धर्मकार्य, असं निधीबद्दल वन्सं म्हणत.

त्या दिवशी वन्सं आल्या त्या नेहमीसारख्या छत्री आणि कप घेऊन. वहिनींनी सगळं सांगितलं. वन्सं ऐकताना कप मांडीवर गोल गोल फिरवत राहिल्या.

“म्हणजे दादा आहे?”

“ते नाहीत हो वन्सं. त्यांची ती गाठ.”

“दादाच्याच अंगची ना? मग झालं तर.” वन्संचा कप फिरायचा थांबला. “आणि खायला कोण घालतं?”

“ती मुलगीच. एक दिवसाआड.”

“बघा. मी आणि आई ताट घेऊन पाठीमागे धावायचो तेव्हा एक घास वेळेवर खाल्ला नाही मेल्यानं. आता कशी मुलीच्या हातून जेवायची ऐट आहे.” आणि त्या पदर तोंडाला लावून हसल्या, मग हसता हसता पदर डोळ्यांकडे गेला. “वहिनी, तुमच्या त्या नेमाला मी आजवर नावं ठेवली, पण आडवी आले नाही. आज येते. एवढं देऊ नका. सगळं दिलंत. उशी दिलीत, मी हाताची घडी डोक्याखाली घेऊन निजते तुमच्याकडे. एवढं एक राहू दे. नावानिशी राहू दे.”

वन्संनी द्या म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मग वहिनींना नको म्हणता आलं असतं. आता आपल्याच मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते उगाच हट्टी वाटू लागलं. “आधी बघून तर येते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही येता?” वन्सं म्हणाल्या, मला ते बघवायचं नाही, मी इथेच बसते, नाहीतर तुमच्या पाठीमागे कुणी येऊन दारही मागून न्यायचा. निघताना वहिनींनी गाळणं शेजारच्या सुनेच्या हातात ठेवलं आणि नेम पुरा केला. चहा काही झाला नाही. बसमध्ये बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, गाळणं दिल्याची चुटपुट अजिबात लागलेली नाही. नवं आणता येईल, एवढंच मनात आलं होतं. मग त्यांनी मागे जाऊन आठवून पाहिलं. उशी दिली तेव्हा? नाही. पितळी डबा? नाही. साबण दिले तेव्हा तर सुटल्यासारखं झालं होतं. कोट दिला तेव्हा मात्र दिवसभर हाताला काही तरी लागत नव्हतं, जोडे दिले तेव्हा दाराजवळ रिकामी जागा पायाला ठेचत होती. त्यानंतर? कधीपासून आपण नुसती आवराआवर करतोय? खिडकीबाहेर दुकानं मागे जात होती, एका दुकानाच्या काचेत पुतळ्याला कुणी तरी उलटा कोट चढवला होता, आणि वहिनी मनाशी म्हणत होत्या, अगं बाई, तक्ता पाठ झाला की. वाचत नाहीयोत आपण. पाठ म्हणतोय. पाठ असणं वेगळं.

प्रयोगशाळा त्यांना वाटली होती त्यापेक्षा साधी निघाली. लांब खोली, पांढरे ओटे, बारीक घूं घूं करणाऱ्या पेट्या, आणि एका खिडकीत कुणी तरी ठेवलेलं, वेळेवर पाणी मिळत असलेलं रोप. थेंबवालीनं त्यांना पांढरा झगा घालायला दिला. तो एवढा मोठा होता की बाह्या दुमडता दुमडता दोघींची हसून पुरेवाट झाली. मुलीच्या हातावर औषधाचा वास होता आणि डोळ्यांखाली जागरण. वहिनींना एकदम वाटलं, ही घरी काय जेवत असेल?

“काकू, एक आधीच सांगते,” मुलगी म्हणाली. “तुम्ही बघाल ते काका नव्हेत हं. तो आजार आहे.”

“ठाऊक आहे गं. आमच्या सासूबाईसुद्धा सांगायच्या, तो वाईट नाही, त्याचा राग तेवढा वाईट आहे. त्यांनाही मी हो म्हणायचे.”

मुलीनं पेटीचं दार उघडलं. हा इन्क्युबेटर, अंगाएवढी ऊब असते आत, असं ती म्हणाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवतात तो. वहिनींना बरं वाटलं. चष्मेवाल्यांना थंडी फार सोसत नसे. घरात सगळे पंख्याखाली बसले की ते हळूच उठून पंखा बंद करत आणि कुणी विचारलं तर वीज गेली असेल म्हणत. आतून तळहाताएवढी सपाट डबी निघाली. तळाला गुलाबी पाणी, बस्स. वहिनी बघत राहिल्या. बोलायचं त्यांनी बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. काय रे मेल्या, घर खाऊन पोट भरलं नाही तुझं? असं मनातल्या मनात, पण खडसावून विचारायचं होतं. गुलाबी पाण्याला कसं खडसावणार?

मुलीनं डबी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. चष्मा काढावा लागेल, म्हणाली. वहिनींनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला, डोळा लावला, आणि त्यांना पांढरट धुक्याशिवाय काही दिसेना. शेजारी मुलगी बारीक चाक फिरवू लागली. धुकं हललं. थोडं घट्ट झालं, पुन्हा पातळ झालं.

“आता बरं दिसतं की आधी, काकू?”

मुलीला काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. धुक्यातून कुणाला बाहेर काढताना दुसरं विचारणार तरी काय? “दोन्ही सारखंच,” असं ओठांवर आलं होतं. दोन्ही सारखं कधीच नसतं. नीट बघा. घाई नाही. “आधी,” त्या म्हणाल्या. चाक मागे फिरलं. “आता?” “आता बरं.” आणि मग एकदम, पाण्याच्या तळाशी कुणी तरी दिवे ठेवावेत तसे ते दिसले. गोल गोल. लहान, मोठे, एकाला एक चिकटलेले, कडेनं उजळ. चष्मेवाले काच पुसण्याआधी तिच्यावर तोंडानं हा करत, तेव्हा श्वासाचे थेंब काचेवर उमटत, तसेच. फक्त ते विरत आणि हे विरत नव्हते. हे राहिले होते. वहिनींनी रागवायचा प्रयत्न करून पाहिला. जमेना. ह्यांना काही ठाऊक नव्हतं. आपण कुणाचं घर पाडलं, कुणाच्या पोटात होतो, कुणाच्या पैशानं जेवतोय, काही नाही. वाढायचं एवढंच ठाऊक, म्हणून वाढत बसलेले.

“ह्याच्यावर कुठला थेंब चालला का गं?”

“एक चालतोय, काकू. तिसऱ्या दिवशी निम्मे गळतात. पण हा एकाच माणसाचा झाला. दुसऱ्या कुणाच्या अंगात हाच रोग थोडा वेगळा असेल, तर हाच थेंब चालेल की नाही हे इथे बसून कसं कळणार? म्हणून तर ते सगळे मागताहेत. तोपर्यंत ह्या रोगाच्या माणसांना जे सगळ्यांना देतात तेच देतात.”

“एकच चष्मा,” वहिनी म्हणाल्या.

“काय?”

“काही नाही. आमच्याकडची म्हण आहे.” त्यांनी पुन्हा डोळा लावला. “किती वेळ बघू शकते मी?”

“बघा हवं तेवढं. मी दार लोटून घेते.”

किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मुलीनं दोनदा डबी पेटीत ठेवून पुन्हा काढली, गारठायला नको म्हणून. एकदाच, मुलगी पाठमोरी असताना, वहिनी अगदी हळू म्हणाल्या, “पाऊण आलीय हो.” मग स्वतःलाच लाजल्या आणि उठल्या. उत्तराचं मुलीनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जिन्यापर्यंत पोचवायला आली तेव्हा वहिनींनी तिला नीट जेवत जा एवढं बजावलं, आणि त्या बसमध्ये बसल्या. दोन थांबे गेल्यावर लक्षात आलं की बाहेरच्या पाट्या वाचता येत नाहीयेत. चष्मा ओट्यावरच राहिला होता.

घरी आल्या तर वन्संनी दारातच विचारलं, “चष्मा? तोही दिलात का कुणाला?”

“विसरले.”

“चष्मेवाल्याची बायको आणि चष्मा विसरली. दादा असता तर दुकान बंद करून घरी बसला असता.” वन्संनी शेजारच्या सुनेकडून गाळणं तात्पुरतं परत आणलं होतं आणि चहा टाकला होता. एकुलता कप वन्संचा. त्यांनी तो वहिनींना दिला आणि स्वतः पातेल्यातून प्यायला बसल्या. थेंबवालीचा फोन येऊन गेला म्हणाल्या, चष्मा उद्या कुणाबरोबर तरी पाठवते म्हणत होती. वहिनी म्हणाल्या, “कशाला, मीच जाईन.”

संध्याकाळ होत होती. समोर वन्संच्या जागी एक मऊ, कडा नसलेला आकार होता, डोक्यावर पांढरं, मांडीवर काळी रेघ, ती छत्री. चेहरा नव्हता. वहिनींना वाटलं, हेच ते धुकं. ह्याच्याच आडून ते बोलत.

“वन्सं, मला ते द्यायचं नाहीये.”

आकार थोडा पुढे झुकला.

“मी बघितलं. फार सुंदर आहे हो. म्हणजे तसं म्हणू नये. पण माझ्या मनात आलं की रोज जावं. बसनं जावं, बघावं, परत यावं. कुणाला काही सांगू नये. माझं आहे असं म्हणावं. इतकी वर्षं माझं म्हणून काही म्हटलं नाही मी, आणि आज तिथे बसल्या बसल्या इतकं म्हणावंसं वाटलं की त्या मुलीनं डबी उचलली तरी माझा जीव खाली-वर होत होता.”

“मग नका देऊ,” वन्सं हलकेच म्हणाल्या. “सकाळीच म्हटलं ना मी.”

“हो ना.”

बाहेर दिवे लागले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “नाव पुसतात म्हणे.” त्यावर वन्सं म्हणाल्या, “दादाला तरी कुठे नावं ध्यानात राहायची? माझ्या लग्नात नवऱ्या मुलाला उणे दीड म्हणून हाक मारली होती त्यानं, भर मांडवात.” दोघींना एकदमच हसू फुटलं. वन्सं पातेलं खाली ठेवून हसल्या, वहिनी कप सांभाळत हसल्या. मग वन्सं नाक ओढून म्हणाल्या, “पोटभाडेकरू आता भाडं द्यायला लागलाय म्हणायचा.” ते त्या कुणाला उद्देशून म्हणाल्या, वहिनींना की भावाला, कळलं नाही. पण म्हणाल्या, आणि मग लगेच पाठ करून निजायच्या तयारीला लागल्या, जणू आपण फार बोलून गेलो.

वहिनींना झोप चांगली लागली. ह्याचं त्यांना सकाळी नवल वाटलं. अंघोळ झाली, देवापुढे हात जोडले. रोज काही मागत नसत, आजही मागितलं नाही. फक्त रोजच्यापेक्षा थोडं जास्त उभ्या राहिल्या. मग सवयीनं स्वयंपाकघरात आल्या, काय द्यावं ते बघायला. गाळणं होतं, शेजारी परत द्यायचं. वन्संचा कप होता. फळीवर हात फिरवला, आणि छातीच्या डाव्या बाजूला, थोडं खाली, काही तरी बारीक खुपत असल्याचं त्यांना जाणवलं. कोट दिला होता त्या दिवशी असंच होतं. जोडे दिले त्या दिवशी. वहिनी तो खुपणारा ठिपका तसाच राहू देत क्षणभर उभ्या राहिल्या. जुन्या ओळखीचं कुणी दारात यावं तसं त्यांना झालं. ये बाबा, किती दिवसांनी.

त्यांनी फळीवरचा हात काढून घेतला. चहाचं पातेलं पालथंच राहू दिलं.

बाहेरच्या खोलीत वन्सं हाताची घडी डोक्याखाली घेऊन निजल्या होत्या. वहिनींनी चपला पायांनी चाचपून शोधल्या. खुंटीवरून पिशवी काढली, मग आठवलं की पिशवीत घालायला आज काही नाही, आणि ती पुन्हा अडकवली.

“वहिनी,” पांघरुणातून आवाज आला. “एवढ्या सकाळी?”

“चष्मा राहिलाय ना तिथे. घेऊन येते.”

“मग आजचा नेम?”

“होईल तिथेच.”

मग पांघरुणातून एक हात बाहेर आला, उशाशी चाचपडला आणि छत्री पुढे झाली. “ही न्या टेकायला. दिसत नाहीये तुम्हाला धड. आणि परत आणा हं. ही माझी आहे.”

“आणते,” वहिनी म्हणाल्या.

त्यांनी दार आवाज न करता ओढून घेतलं. जिना उजळू लागला होता. कठड्याला एक हात आणि छत्रीवर दुसरा, अशा त्या उतरू लागल्या. तिथे पोचल्यावर चष्मा लगेच लावायचा नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं. आधी त्या मुलीला हो म्हणायचं. मग चष्मा. मग तिच्याकडे असला तर चहा.

गल्ली अजून धुरकट होती. कोपऱ्यावर बस येत असल्यासारखं काही तरी गोल, कडेनं उजळ दिसत होतं. वहिनी त्या दिशेनं चालू लागल्या.